ऐंशी, शंभर आणि ‘वीर’

20 जुलै 2021. मंगळवार, आषाढी एकादशी. करोनामुळे त्याही वर्षी पायी वारी नव्हती, पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. संध्याकाळी टीव्हीवर दिसले ते वेगळेच. ऑनलाइन दुकानदारीतून अब्जाधीश झालेला एक अमेरिकी उद्योगपती स्वतःच्याच कंपनीच्या रॉकेटात बसून वर गेला आणि दहा मिनिटांत वाळवंटात उतरला. त्याच आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि 2019 नंतर दोनच वर्षांत कोल्हापूरने पुन्हा महापूर पाहिला.

धनिकांच्या अंतराळवारीबद्दल इथे आजही जी मते ऐकू येतात, त्यांच्यावर त्या आठवड्याचा ओलावा आहे. उतरल्यावर त्या उद्योगपतीने कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे आणि गिऱ्हाइकांचे आभार मानले होते, कारण या सगळ्याचे पैसे त्यांनीच भरले, असे तो म्हणाला. प्रामाणिक वाक्य होते, पण अंगाशी आले. त्याला पृथ्वीवर परत येऊ देऊ नका, अशा मागणीच्या ऑनलाइन अर्जावर तर उड्डाणाआधीच लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या.

पैशाची चर्चा मात्र सोपी असते. खरा गुंता शब्दाचा होता: अंतराळवीर म्हणायचे कुणाला?

त्याच्या आधी नऊ दिवस, 11 जुलैला, दुसरा एक धनिक आपल्या कंपनीच्या पंखवाल्या यानातून सुमारे 86 किलोमीटरपर्यंत जाऊन आला होता. दोन दिवस आधी प्रतिस्पर्धी कंपनीने टोमणा मारला: आमचे रॉकेट शंभराच्या वर जाते, त्यामुळे आमच्या माणसांच्या नावापुढे तारांकन, म्हणजे शंकेची खूण, लागणार नाही. अंतराळ 80 किलोमीटरवर सुरू होते की 100 वर, हे भांडण तेव्हा पहिल्यांदा घराघरात पोचले. पण ते साठ वर्षे जुने होते.

अमेरिकी हवाई दलाने 1960च्या दशकात 50 मैलांची, म्हणजे साधारण 80 किलोमीटरची, रेषा धरली. रॉकेटवर चालणाऱ्या एका प्रायोगिक विमानाच्या ज्या लष्करी वैमानिकांनी ती ओलांडली, त्यांना अंतराळवीराचे पंख-चिन्ह मिळाले. तेच विमान, तीच उंची, पण नागरी नोकरीत असलेल्या तीन वैमानिकांना ते मिळाले नाही. 2005 साली ती चूक दुरुस्त झाली, तेव्हा तिघांतले दोघे हयात नव्हते. जागतिक हवाई विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने मात्र 100 किलोमीटर पकडले. त्यामागचा तर्क असा, की हवा इतकी विरळ होते की पंखांच्या आधाराने तरंगायचे तर कक्षेत फिरण्याइतकाच वेग लागेल, आणि मग पंख हवेतच कशाला? पण हे गणित नेमके शंभरावर येत नाही. आकडा गोल आहे, लक्षात राहतो, एवढेच.

कोल्हापूरकराला यात गंमत वाटायला हवी. विद्यापीठाच्या माळावर नव्वदच्या दशकाअखेरीस बसवलेला एक रडार आहे. साधारण दोन मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी तो वर सोडतो आणि अंशतः परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून वरच्या वाऱ्यांचा वेग काढतो. ते वारे प्रामुख्याने 80 ते 98 किलोमीटरच्या पट्ट्यातले. फुग्यांना तो पट्टा फार उंच पडतो आणि उपग्रहांना फार खालचा. धनिकांनी ज्या पट्ट्यावरून भांडण केले, त्याचे वारे आपल्या गावातून मोजले जात होते, आणि तिथे वारे मोजता येतात इतकी हवा आहे.

पुन्हा 20 जुलैकडे. त्याच दिवशी अमेरिकेच्या नागरी हवाई नियामकाने व्यावसायिक उड्डाणांच्या पंख-चिन्हांचा नियम बदलला. 2004 पासून 80 किलोमीटर ओलांडणारा यानाचा कर्मचारी त्याला पात्र धरला जाई. आता नुसती उंची पुरणार नव्हती, उड्डाणात सुरक्षेशी निगडित काही काम केलेले असले पाहिजे. बसून गेलेला तो प्रवासी. हा नियम नेमका त्याच तारखेला का, यावर बरेच लिहिले गेले. मला तो नियम योग्य वाटतो आणि वर्षाअखेरीस त्याच नियामकाने काय केले, तेही सांगायला हवे: त्या वर्षी गेलेल्या दोन्ही धनिकांना पंख देऊन टाकले आणि ती योजनाच बंद केली. पुढे फक्त नावांची यादी ठेवायची ठरली.

इंग्रजीत वाद पंखांचा होता. मराठीत तो जास्त टोचतो, कारण आपल्या शब्दातच ‘वीर’ आहे. ज्या जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या सैनिक देणारे सैनिक टाकळीसारखे गाव आहे, तिथे हे दोन अक्षरी पद तिकीट काढून मिळत नाही. तरीही वृत्तपत्रांनी त्या आठवड्यात सरसकट ‘अंतराळवीर’ छापले. ‘अंतराळ पर्यटक’ रुळायला पुढची दोन-तीन वर्षे गेली. ‘अवकाशयात्री’ चांगला शब्द आहे, पण वारीच्या मुलखात ‘यात्री’लाही स्वतःचे वजन आहे.

पैशाबद्दल थोडे मागे जाऊ. सरकारी खर्चही लोकांना कधी फार आवडला नव्हता. चंद्रावर माणूस उतरण्याच्या आदल्या काळातल्या अमेरिकी पाहण्यांत हा खर्च जास्त आहे असे म्हणणारेच बहुधा अधिक निघत, आणि जुलै 1969 मध्ये नागरी हक्क चळवळीतला एक नेता गरिबांना घेऊन, खेचरांच्या गाड्यांसह, प्रक्षेपण केंद्रावर गेला होता. भारतात तर उलटा प्रकार. 1947 साली अहमदाबादेत सुरू झालेली भौतिकी प्रयोगशाळा एका गिरणीमालक घराण्यातल्या शास्त्रज्ञाने, घरच्या आणि शहरातल्या विश्वस्त निधीच्या बळावर उभी केली. पुढे थुंब्याचे रॉकेट प्रक्षेपण केंद्र झाले ते त्याच माणसाच्या पुढाकाराने. त्या पैशाला कुणी शौक म्हटले नाही.

कोल्हापुरात शौकाला नाव आहे: नाद. आणि नाद करणाऱ्याला इथे कुणी हिणवत नाही. काळवीटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळणारे संस्थानही हेच, आणि रोमचे जुने कलोसियम मनात ठेवून राजर्षींनी खासबागेचे मैदान उभारले तेही इथेच. चित्ते गेले, मैदानावर अजून कुस्त्या होतात. इथला माणूस अंतराळवारीकडे बघतो तो याच हिशेबाने: नादातून मागे काय उरले?

त्या हिशेबात 2001 साली सुमारे दोन कोटी डॉलर भरून रशियन यानातून अंतराळ स्थानकावर गेलेला पहिला पर्यटक चित्त्यांच्या बाजूला पडतो. 2004 साली एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सहसंस्थापकाच्या पैशावर उडालेले आणि एक कोटी डॉलरचे बक्षीस जिंकलेले यान मैदानाच्या जवळ जाते. परत उतरणारी, पुन्हा वापरता येणारी रॉकेटे बनवणारी कंपनी तर थेट मैदानात. पण तिला ‘खासगी’ म्हणताना जीभ अडखळावी, कारण 2008 साली तिला सावरणारे 1.6 अब्ज डॉलरचे कंत्राट सरकारी होते. अमेरिकी लोकांनाही हे कळत असावे. 2023 च्या एका मोठ्या पाहणीत 65 टक्के लोकांनी सरकारी संस्था अंतराळात राहिलीच पाहिजे असे सांगितले, तर खासगी कंपन्या पुरेशा आहेत म्हणणारे 32 टक्के होते.

आता हा गुंता आपल्या दारात आला आहे. 18 नोव्हेंबर 2022 रोजी श्रीहरिकोट्याहून पहिले खासगी भारतीय रॉकेट उडाले, 89.5 किलोमीटरपर्यंत पोचले. म्हणजे नेमके त्याच पट्ट्यात. बातम्यांनी ते अंतराळात गेले म्हणून लिहिले आणि इथे शंभराची आठवण कुणी काढली नाही. मे 2024 मध्ये एक भारतीय वैमानिक 20 जुलैच्या त्याच उद्योगपतीच्या रॉकेटातून जाऊन आला, तो ‘पहिला भारतीय अंतराळ पर्यटक’ ठरला. जून 2025 मध्ये हवाई दलाचा अधिकारी एका अमेरिकी खासगी कंपनीच्या मोहिमेतून, दुसऱ्या खासगी कंपनीच्या यानात बसून स्थानकावर पोचला. त्याच्या जागेचे पैसे भारत सरकारने भरले होते. त्याला वीर म्हणताना मात्र कोल्हापुरात कुणाचीही जीभ अडखळली नाही.