कोजागरीच्या शेजारी हॅलेची धूळ

कोजागरीला गच्चीवर आटीव दुधाचा पेला हातात असताना, चंद्र जरा लवकर मावळावा असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. माझ्या येतं. मृग नक्षत्राच्या दिशेने येणारा उल्कावर्षाव २१-२२ ऑक्टोबरला भरात असतो आणि कोजागरी बरेचदा आसपासच येते. २०२१ मध्ये ती १९ तारखेलाच होती.

या उल्का म्हणजे हॅलेच्या धूमकेतूने वाटेत सांडलेली धूळ. कण वाळूएवढे, पण सेकंदाला ६६ किलोमीटर वेगाने हवेत शिरतात आणि जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर जळतात. हॅले १९८६ मध्ये येऊन गेला, आता २०६१ मध्ये येईल. त्याची धूळ मात्र दरवर्षी भेटीला येते.

गर्द काळोखात तासाला वीसेक उल्का दिसू शकतात. चंद्रप्रकाश हवेत विखुरला की सगळं आकाश दुधाळ होतं आणि मंद उल्का त्यात बुडून जातात. मुळात मंद उल्काच जास्त असतात. ताऱ्यांच्या तेजाच्या पायरीला प्रत म्हणतात; उजेडामुळे दिसणाऱ्या ताऱ्यांतली सगळ्यात मंद अशी एक प्रत गमावली की उल्का साधारण अडीच पटीने कमी होतात. दोन प्रती गमावल्या, तर विसाच्या तीनच उरतात.

म्हणून मी आधी पंचांग उघडते. शुद्ध पक्षातला चंद्र पहाटेच्या आत मावळतो का, ते बघायचं. २०२६ चंच घ्या. २२ ऑक्टोबरला पाशांकुशा एकादशी आहे आणि चंद्र पहाटे तीनच्या आत मावळलेला असेल. तिथून पाचपर्यंत काळोख आपला. ही वेळ एरवीही उत्तमच, कारण मृग तेव्हा उंच असतो आणि पहाटे आपण पृथ्वीच्या पुढच्या अंगाला असतो; धूळ समोरूनच आदळते. वद्य पक्षात चंद्र पहाटे डोक्यावर येतो. तेव्हा पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजी टाकायची, चंद्राकडे पाठ करायची. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात एकदा जरी मोबाइल पाहिला तरी सगळं पहिल्यापासून.

ढगांपुढे इलाज नाही, पण हिशेब आहे. अर्धं आकाश झाकलं तर निम्म्या उल्का जातात, सगळ्या नाही. परतीच्या पावसाचे ढग सरकते असतात, म्हणून पहिल्या झाकोळाला घरात जाऊ नये.

एका पहाटे मी तासभर ढगांखाली पडून होते. सतरंजी दवाने ओली झाली होती. मग मृगाच्या वरच्या बाजूला ओंजळीएवढी फट पडली, मृगातला तांबूस तारा काक्षी दिसला आणि त्याच्या शेजारून एक उल्का सर्रकन गेली. ती विझल्यावरही तिची फिकट रेघ दोन सेकंद तशीच राहिली. मग ढगाने फट बुजवली.