मार्कंडेय वळते तेव्हा माती कुणाच्या काठाला जाते?

पावसाळा सरला की नदीकाठच्या गावांत एकच तक्रार ऐकू येते: नदीने रान खाल्लं. बेळगावजवळ मार्कंडेय नदीच्या काठी उचगाव, मण्णूर, आंबेवाडीकडे जा, मलप्रभेच्या काठी खानापूरकडे जा किंवा चिकोडीच्या पुढे कृष्णेकाठी जा, बोलणं तेच. या काठाची दरड सुटते, बांधावरचं करंजाचं झाड मुळांसकट पाण्यात जातं आणि पलीकडे वाळूचा नवा पट्टा वर येतो. मग सगळ्यांना वाटतं, आपली माती समोरच्याच्या पदरात पडली. यावरून भाऊबंदकीपेक्षा कडवी भांडणं होतात. ती माती खरोखर कुठे जाते, याचं उत्तर मात्र विज्ञानाने बऱ्यापैकी शोधलेलं आहे आणि ते काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

आधी नदी का वळते, ते पाहू. खडक आडवा आला म्हणून नदी वळली, असं आपण सहज म्हणतो. डोंगरात ते खरंही असतं. पण उगार, कुडचीच्या बाजूला कृष्णेच्या दोन्ही अंगांना नुसती खोल काळी माती आहे आणि तिथेही ती सरळ जात नाही. सपाट, मऊ जमिनीत नदी सरळ राहूच शकत नाही. कुठे एखादा काठ थोडा खचला, कुठे झाड आडवं पडलं, एवढं निमित्त पुरतं. प्रवाह जरा कलला की पुढचं काम पाणी स्वतःच करतं.

हे काम पाहायला नदीवर जायची गरज नाही. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात वापरलेली चहापत्ती टाका आणि चमच्याने गरगर ढवळून चमचा काढून घ्या. पाणी फिरतंय म्हटल्यावर पत्ती बाहेर, काचेकडे फेकली जायला हवी. ती तळाशी मधोमध गोळा होते. आल्बर्ट आईनस्टाईन यांनी १९२६ साली नद्यांच्या वळणांवर एक छोटा लेख लिहिला, त्यात हाच दाखला दिला. त्यांच्याही आधी, १८७६ मध्ये, जेम्स थॉमसन या अभियंत्याने नदीच्या वळणाचं हेच कारण मांडलं होतं. प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांचे हे थोरले भाऊ. धाकट्याच्या कीर्तीपुढे त्यांचं नाव मागे राहिलं, पण या विषयात पहिला मान त्यांचा आहे.

कारण असं. वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे रेटलं जातं, म्हणून तिथे पाण्याची पातळी आतल्या काठापेक्षा किंचित चढते. या चढलेल्या पाण्याचा दाब वरपासून तळापर्यंत सगळ्या पाण्याला आतल्या काठाकडे ढकलतो. वरचं पाणी वेगात असतं, ते या दाबाला जुमानत नाही आणि बाहेरच जातं. तळाचं पाणी वाळू-दगडांना घासून मंदावलेलं असतं. त्याच्यात बाहेर जाण्याचा जोर उरत नाही, म्हणून दाब त्याला आत ढकलतो. वरून बाहेर, खालून आत, आणि हे सगळं पुढे वाहता वाहता. म्हणजे वळणावरचं पाणी स्क्रूच्या आट्यांसारखं पीळ घेत पुढे जातं. बाहेरच्या काठाशी खाली शिरणारं पाणी दरडीचा पायथा पोखरतं, तिथे डोह होतो. आतल्या काठाशी मंद पाणी वाळू टाकतं. बाहेरचा काठ मागे हटला की वळण आणखी वाकतं, आणि वळण वाकलं की पीळ आणखी वाढतो.

आता भांडणाकडे येऊ. तळाचं पाणी आत वळतं म्हणजे बाहेरच्या काठाची माती थेट समोरच्या वाळूपट्ट्यावर जाणार, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेत व्हिक्सबर्ग इथल्या प्रयोगशाळेत जे. एफ. फ्रीडकिन यांनी वाळूत छोट्या नद्या वाहवून याची तपासणी केली. त्यांचा अहवाल १९४५ मध्ये आला. त्यांना दिसलं ते वेगळंच. खचलेल्या काठाची वाळू बहुतांशी पात्र ओलांडून समोर जात नाही. मूळ प्रवाह तिला पुढे ओढतो आणि ती खालच्या अंगाला, पुढच्या वळणाच्या आतल्या काठावर बसते. डावीकडचं वळण संपलं की उजवीकडचं सुरू होतं, त्यामुळे हा पुढचा आतला काठ पहिल्याच बाजूला येतो. डाव्या काठाची माती डाव्याच काठाला, पण खाली. म्हणजे आंबेवाडीकडचा शेतकरी समोरच्यावर रागावतो, तेव्हा त्याची माती बहुधा त्याच्याच काठावर पुढच्या शिवारात पोचलेली असते, आणि समोर साचलेली वाळू वरच्या कुणाच्या तरी रानातून आलेली असते. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

वळणांना मापही असतं. दोन सारख्या वळणांमधलं अंतर साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या दहा ते चौदा पट भरतं, मग तो शेतातला ओहोळ असो की कृष्णा.

आपल्या भागात याची दुसरी बाजूही दिसते. राकसकोपकडून येणारी मार्कंडेय भातशेतीतून सावकाश वळत जाते, आणि तीच पुढे गोकाक तालुक्यात गोडचिनमलकीला कातळावरून कोसळते. गोकाकला घटप्रभाही तशीच कातळावरून उडी घेते. अशा टणक खडकात नदी काठ खाऊ शकत नाही, म्हणून मोकळेपणी भटकूही शकत नाही. वळणासाठी काठ मऊ हवा, पण फार मऊ नको. नुसत्या वाळूत पात्र फाटून त्याच्या अनेक धारा होतात. प्रयोगशाळेत टिकाऊ वळणं बनवणं त्यामुळेच फार काळ जमत नव्हतं. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काठ बांधून धरायला लसूणघास पेरला. आपण जनावरांना घालतो तोच. त्याच्या मुळांनी वाळू धरली, आणि वळणं टिकून हळूहळू सरकू लागली.

म्हणून नदी सरळ करण्याचा हट्ट महागात पडतो. फ्लोरिडातली किसिमी नदी पुराच्या भीतीने १९६२ ते १९७१ या काळात खोदून सरळ केली. १६६ किलोमीटरची नदी ९० किलोमीटरचा कालवा झाली. काठची पाणथळ राने सुकली, पक्षी गेले. मग १९९९ पासून कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणं परत आणायचं काम सुरू झालं, ते २०२१ मध्ये संपलं. लांबी कमी झाली की तेवढाच उतार थोड्या अंतरात येतो, पाण्याचा वेग वाढतो आणि वरचं संकट खालच्या गावावर जातं. बेळगावातल्या शहापूर, वडगावच्या भातशेतीत दर पावसाळ्यात शिरणाऱ्या बळ्ळारी नाल्याचा विचार करतानाही हे धरून चालायला हवं. गाळ काढणं वेगळं आणि वळण मोडणं वेगळं.

काठ धरायचाच असेल तर वाळुंज, करंज, निर्गुडी, बांबू लावावेत. मात्र जागा नीट निवडावी. सर्वांत जास्त मार वळणाच्या ऐन मध्यावर बसत नाही, त्याच्या थोडा खालच्या अंगाला बसतो. त्यामुळेच वळणं वर्षानुवर्षं खाली सरकत जातात. तेव्हा लागवड मध्यापासून सुरू करून वळण संपेपर्यंत खाली न्यावी, आणि दरडीच्या माथ्यावर एक रांग लावून थांबू नये. पाणी पायथा पोखरतं, म्हणून उन्हाळ्यात पात्र आटलं की मुळं धरतील अशी झुडपं पायथ्याशीही लावावीत.