सावरडो पावाचा गुण येतो कुठून?

सावरडो, म्हणजे नैसर्गिक यीस्ट आणि जिवाणूंच्या आंबवणाने फुगवलेला आंबट पाव, खाल्ला की पोटात चांगले जिवाणू जातात, ही समजूत मुंबईत बरीच रुजली आहे. भाजताना पावाचा गाभा ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. जिवाणू तिथेच मरतात. उरतं ते पीठ आंबताना त्यांनी केलेलं काम.

लॅक्टिक आम्ल सूक्ष्मजीवांमुळे तयार होतं, हे लुई पाश्चर यांनी १८५७ मध्येच मांडलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावातला जिवाणू मात्र क्लाइन आणि सुगिहारा या अमेरिकी संशोधकांनी १९७१ मध्ये ओळखला. त्याला माल्टोज, म्हणजे स्टार्च तुटून बनणारी साखर, हवा असतो आणि सोबतच्या यीस्टला तो पचत नाही, म्हणून दोघं एका पिठात सुखाने नांदतात.

या जिवाणूंच्या लॅक्टिक आम्लाने पावातला स्टार्च सावकाश पचतो, ॲसेटिक आम्लाने जठर हळू रिकामं होतं. रक्तातली साखर एकदम चढत नाही. काही जाती मज्जासंस्थेत काम करणारं गाबा हे संयुगही बनवतात. पण खरी कमाई फायटेट तुटण्याची. गव्हाच्या कोंड्यातलं हे द्रव्य लोह आणि जस्त धरून ठेवतं. ते तोडणारं फायटेज हे विकर (एन्झाइम) गव्हातच असतं, फक्त त्याला आंबटपणा लागतो. पीएच (हा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) ५.५ पर्यंत उतरला तरी सुमारे ७० टक्के फायटेट तुटतं, असं २००५ च्या एका अभ्यासात दिसलं. मैद्यात कोंडाच नसतो, तेव्हा मैद्याच्या सावरडोला हा गुण चिकटवण्यात अर्थ नाही. ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, तेही बहुतांशी तसंच राहतं. सीलिॲकच्या, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला हा पाव चालत नाही.

आपल्या पावालाही अशी परंपरा होती. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात पीठ ताडीने फुगवत, आणि ताडीत यीस्टबरोबर लॅक्टिक जिवाणूही असतात. तयार यीस्ट आलं तसा आंबण्याचा वेळ कापला गेला. इंग्लंडमध्ये १९६१ साली निघालेल्या चॉर्लीवुड पद्धतीने, म्हणजे यंत्रावर वेगाने पीठ मळण्याच्या रीतीने, तर तो जवळजवळ संपवलाच.

मुंबईच्या उकाड्यात अडचण उलटी, पीठ फार लवकर आंबतं. त्यातून चक्कीच्या कणकेत स्टार्चचे कण जास्त भंगलेले असतात, म्हणून माल्टोज भराभर सुटतो. आंबटपणा वाढला की गव्हातलीच प्रोटीएज (प्रथिनं तोडणारी विकरं) ग्लुटेन तोडू लागतात. गोळा पसरतो, पाव चपटा होतो. ५०० ग्रॅम कणकेला ५० ग्रॅमच स्टार्टर (आंबवलेल्या पिठाचं विरजण) घाला, पाणी फ्रीजमधलं घ्या. तीनेक तास बाहेर ठेवा आणि पीठ दीडपट दिसताच रात्रभर फ्रीजमध्ये सरकवा. दुप्पट होण्याची वाट पाहिलीत, तर मे महिन्यात उशीर झालेला असतो.