लॅटिन म्हणी

लॅटिन म्हणी : प्राचीन रोमन साहित्य, मध्ययुगीन मठ व न्यायालये आणि प्रबोधनकाळातील विद्वानांचे संग्रह यांतून युरोपभर पसरलेली लॅटिन भाषेतील छोटी, ठसठशीत वचने. ‘म्हण’ हा शब्द येथे जरा सैल अर्थानेच घ्यावा लागतो. मराठी म्हण कोणी केली हे सहसा सांगता येत नाही; गाजलेल्या लॅटिन म्हणींपैकी अनेकींचा मात्र कर्ता, ग्रंथ, क्वचित ओळही दाखवता येते. नाटकातल्या पात्राचे बोलणे, कवितेतली अर्धी ओळ, पत्रातला टोमणा असे तुकडे मूळ जागेवरून निखळले, शाळकरी पाठांतरात गेले आणि त्या वाटेवर पुष्कळांचा अर्थ फिरला. इंग्रजीत आज त्यांचे जे अर्थ दिले जातात ते बहुधा हे फिरलेले अर्थच असतात.

लॅटिनला इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, विभक्ती शब्दाच्या पोटातच असते आणि ‘असणे’ हे क्रियापद सर्रास गाळले जाते. त्यामुळे वाक्य आटोपशीर बसते. ‘क्वोत होमिनेस, तोत सेन्तेन्तिआय’ (जितकी माणसे तितकी मते) हे रोमन नाटककार तेरेन्सच्या ‘फोर्मिओ’ या इ.स.पू. १६१ मधील नाटकातले चार शब्द. इंग्रजीला त्यासाठी दुप्पट शब्द मोजावे लागतात. मराठीचे काम ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ एवढ्यात भागते. रोमन कवी होरेसची ‘पार्तुरिएन्त मोन्तेस, नास्केतुर रिदिकुलुस मुस’ ही ओळ मराठी वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. डोंगरांना प्रसूतिकळा येतील आणि जन्मेल हास्यास्पद उंदीर. आपल्याकडे डोंगर पोखरणारा माणूस फजीत होतो, होरेसकडे डोंगरच. काव्याच्या आरंभी मोठमोठ्या गर्जना करणाऱ्या कवींना त्याने हे सुनावले आहे. त्यातली खरी गंमत छंदात आहे : लांबलचक, जड शब्दांमागून ओळीच्या टोकाला ‘मुस’ हा एकाक्षरी उंदीर टपकतो. भाषांतरात नेमका हाच उंदीर निसटतो. ज्याच्याविषयी बोलावे तो दारात हजर झाला, की रोमन माणूस ‘लुपुस इन फाबुला’, म्हणजे गोष्टीतला लांडगा, म्हणे. इंग्रज अशा वेळी सैतानाचे नाव घेतो. आपण त्याला शंभर वर्षे आयुष्य देऊन टाकतो.

या वचनांचा पहिला मोठा साठा रंगभूमीवरून आला. प्युब्लिलिउस सायरस हा इ.स.पू. पहिल्या शतकात सिरियातून गुलाम म्हणून इटलीत आला, पुढे मुक्त झाला आणि प्रहसनकार म्हणून नावारूपाला आला. ज्यूलिअस सीझरने भरवलेल्या खेळांत त्याने प्रतिस्पर्ध्यांवर मात केल्याची हकिकत आहे. त्याची प्रहसने नष्ट झाली. त्यांतून निवडलेली शेकडो एकोळी वाक्ये तेवढी उरली, ती शाळांत शिकवली जात म्हणून. ‘गरजूला चटकन देतो तो दोनदा देतो’ हे त्यांतलेच. तेरेन्सही परंपरेनुसार आफ्रिकेतून आणलेला गुलाम होता. रोमन शहाणपण म्हणून जे मिरवले जाते त्यातला बराच वाटा असा बाहेरून धरून आणलेल्यांचा आहे.

अर्थ फिरण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे उपरोधिका, म्हणजे उपहासात्मक कविता, लिहिणारा रोमन कवी जुव्हेनल. ‘मेन्स साना इन कोर्पोरे सानो’, निरोगी शरीरात निरोगी मन, हे व्यायामशाळांचे आवडते वाक्य. त्याच वाक्याच्या, ‘मेन्स’ऐवजी ‘आनिमा’ने सुरू होणाऱ्या पाठभेदाच्या आद्याक्षरांवरून ‘आसिक्स’ या जपानी बूट कंपनीचे नाव पडले आहे. पण जुव्हेनलच्या दहाव्या उपरोधिकेत जोरबैठकांचा विषयच नाही. माणसे देवाकडे संपत्ती, सत्ता, दीर्घायुष्य, सौंदर्य मागतात आणि त्यापायीच बुडतात, असे तो उदाहरणांमागून उदाहरणे देत सांगतो, आणि शेवटी म्हणतो : मागायचेच असेल तर निरोगी शरीरात निरोगी मन असावे एवढे मागा. शरीर कमावले की मन आपोआप सुधारते, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. त्याचेच ‘क्विस कुस्तोदिएत इप्सोस कुस्तोदेस’ (राखणदारांवर राखण कोण ठेवणार?) आज सत्ताधारी आणि पोलीस यांना उद्देशून वापरले जाते. मूळ प्रसंग सहाव्या उपरोधिकेतला, घरगुती आणि बराच स्त्रीद्वेष्टा आहे. बायकोवर पहारा बसवलात तरी ती पहारेकऱ्यांपासूनच सुरुवात करील, असा तो टोमणा. येथे मात्र फिरलेला अर्थ मूळ अर्थापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, हे मान्य करायला हवे.

‘व्होक्स पोपुली, व्होक्स देई’, जनतेचा आवाज तो देवाचा आवाज, म्हणजे जवळजवळ आपले ‘पाचामुखी परमेश्वर’. हे वचन ज्या पत्रामुळे प्रसिद्ध आहे ते आल्क्विन या इंग्रज विद्वानाने आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँकांचा राजा शार्लमेन याला लिहिले. त्यात तो बजावतो की असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नका, कारण जमावाचा गोंगाट नेहमी वेडाच्या जवळपास असतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचे तर वाक्यच उलटे केले गेले. ‘आपण जगण्यासाठी नव्हे, शाळेसाठी शिकतो’ अशी त्याने एका पत्रात तक्रार केली होती. शाळांच्या भिंतींवर ते ‘शाळेसाठी नव्हे, जगण्यासाठी शिकतो’ असे झळकते.

काही प्रसिद्ध लॅटिन म्हणी मुळात लॅटिन नाहीतच. इ.स.पू. ४९ मध्ये रुबिकॉन नदी ओलांडताना सीझर ‘फासे पडले’ (आता माघार नाही) असे म्हणाला, हे रोमन चरित्रकार स्वेटोनिअसने लॅटिनमध्ये दिले आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या मते ते शब्द ग्रीक होते. ‘आर्स लोंगा, व्हिता ब्रेव्हिस’ (कला दीर्घ, आयुष्य अल्प) हे ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझच्या वचनाचे भाषांतर असून त्यातील ‘आर्स’ म्हणजे वैद्यकी; चित्रकार-गायकांनी ते नंतर आपलेसे केले. अशा ग्रीक मालाला लॅटिन वेष्टन देण्याचे काम डच विद्वान इरॅस्मस याने सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले. त्याचा ‘आदागिआ’ हा संग्रह १५०० मध्ये पॅरिसला निघाला तेव्हा त्यात सुमारे ८०० वचने होती. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस याने छापलेल्या १५०८ च्या आवृत्तीत ती ३,००० वर गेली आणि इरॅस्मसच्या हयातीतच ४,००० च्या पुढे. ‘फेस्तिना लेन्ते’ (सावकाश घाई कर) या दोन शब्दांवर त्याने लांबलचक निबंध लिहिला आणि त्यात आल्दुसच्या मुद्राचिन्हाचा, जहाजाच्या नांगराला वेढलेल्या डॉल्फिनचा, गौरव केला. हातून चुकाही झाल्या. ‘अंजिराला अंजीर आणि काथवटीला काथवट म्हणणे’ या ग्रीक म्हणीत त्याने काथवटीच्या जागी खणायचे अवजार घातले. इंग्रजीत त्याचे फावडे झाले, आणि स्पष्टवक्ता इंग्रज आजतागायत फावड्याला फावडे म्हणतो आहे.

भारताशी लॅटिन वचनांचा खरा संबंध येतो तो न्यायालयांतून. यांपैकी बरीच वचने रोमनांची नसून मध्ययुगीन विधिज्ञ आणि इंग्रज न्यायाधीश यांची आहेत. ‘आउदी आल्तेरम पार्तेम’, दुसरी बाजू ऐका, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या मनेका गांधी निकालात मध्यवर्ती होते. बाजू मांडण्याची संधी न देता पारपत्र जप्त करण्याचा तो प्रश्न होता. आपले वकील त्याचा उच्चार इंग्रजी वळणाने करतात. शिक्षणसंस्थांच्या बोधवाक्यांतही लॅटिन आढळते : मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे ‘प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम’ (उडण्यास उद्युक्त करणारा) हे लॅटिन बायबलातील, पिलांना उडायला लावणाऱ्या गरुडाच्या उपमेतून घेतलेले आहे.

लॅटिनचा हा रुबाब चेष्टेलाही उपयोगी पडला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झालेले ‘इल्लेजितिमी नोन कार्बोरुन्दुम’ हे शुद्ध बनावट लॅटिन. ‘हरामखोरांना तुम्हाला भरडू देऊ नका’ असा अर्थ सांगितला जातो. त्यातले ‘कार्बोरुन्दुम’ हे घासकामाला वापरल्या जाणाऱ्या एका पदार्थाचे व्यापारी नाव आहे.