वेगाच्या त्रिकोणात लपलेलं अंतर

वेग-काल आलेखातल्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, हे नववीची पोरं परभणीत काय नि बीडमध्ये काय, पाठच करून टाकतात. क्षेत्रफळाचं अंतर झालं कसं, हे कुणी विचारेपर्यंत तास संपलेला असतो.

ही युक्ती न्यूटनच्या तीनशे वर्षं आधीची. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या अभ्यासकांनी नियम मांडला: वेग एकसारखा वाढत असेल, तर मधल्या वेगाने तेवढ्याच वेळात जेवढं अंतर कापलं जाईल तेवढंच इथेही कापलं जातं. 1350 च्या सुमारास फ्रान्समधल्या निकोल ओरेमने त्याचं चित्र काढलं. आडव्या रेघेवर काळ, तिच्यावर उभ्या रेघांनी त्या त्या क्षणाचा वेग. समजा, जालन्याच्या स्टँडवरून सुटलेली एसटी एकसारखा वेग वाढवत 20 सेकंदांत सेकंदाला 10 मीटरवर पोचली. चित्रात काटकोन त्रिकोण येतो, क्षेत्रफळ 100 मीटर. निम्म्या उंचीच्या वरचा तुकडा कापून डावीकडच्या मोकळ्या जागेत बसवला की आयत तयार: सेकंदाला 5 मीटर, 20 सेकंद. झालं सिद्ध! अर्थात ही सगळी कागदावरची कसरत. प्रत्यक्ष मोजमाप त्यात नव्हतं.

ते गॅलिलिओने केलं. उतरत्या पन्हळीतून गोळा सोडायचा आणि तेवढ्या वेळात बारीक नळीतून गळालेलं पाणी तोलून वेळ काढायची. त्याच्या 1638 च्या ग्रंथातही तोच त्रिकोण आहे, फक्त काळाची रेघ उभी. फ्रेंच गणितज्ञ देकार्तची बीजगणिताला भूमितीशी जोडणारी मांडणी आदल्याच वर्षी आली होती. आलेखाला समीकरण मिळालं ते त्या वाटेने.

अंतर-काल आलेख रोजच्या कामाला जुंपला तो रेल्वेने. उभ्या अक्षावर स्टेशनं, आडव्यावर वेळ, प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. पॅरिस–लिऑन मार्गाचा असा तक्ता एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी प्रसिद्ध केला. आपल्याकडे निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास सुरू झालेला मनमाड–परभणी मार्ग दशकानुदशकं एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदायच्या त्या स्टेशनाच्या रेघेवरच. मध्येच छेदल्या तर वेळापत्रक चुकलं म्हणायचं. याच मार्गावरच्या सेलू-परतूरला गाडी क्रॉसिंगला, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला, थांबली की तिची रेघ तेवढा वेळ आडवी जाते. माझं मत विचाराल तर वर्गात पहिल्यांदा हाच तक्ता दाखवावा, ओरेमचा त्रिकोण मागाहून. कंट्रोल ऑफिसात हे चार्ट हाताने, पेन्सिल-पट्टीने ओढले जायचे. आता बऱ्याच ठिकाणी संगणक काढतो. उभा-आडवा अक्ष मात्र तोच आहे.