बेसिक भाषेतील विरामचिन्हे

बेसिक या संगणकभाषेत स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, अवतरणचिन्हे आणि $, %, ? यांसारखी चिन्हे ठरावीक कामे करतात. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ यांनी ही भाषा घडवली. विज्ञान-गणित न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. १ मे १९६४ रोजी पहाटे तिच्यातले पहिले प्रोग्रॅम चालले. आज्ञा मोजक्या आणि सोप्या ठेवल्यामुळे बराच भार चिन्हांवर पडला, आणि नवशिका अडखळतो तोही बहुधा तिथेच. (आज्ञा रोमन लिपीत लिहितात, येथे त्या देवनागरीत दिल्या आहेत.)

त्या काळी उत्तर टेलिटाइपच्या, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्राच्या, कागदावर उमटे. ‘प्रिंट’ आज्ञेतील चिन्हे आजही कागदावरची जागाच सांगतात. स्वल्पविराम म्हणजे पुढच्या रकान्यात जा. हे रकाने मूळ डार्टमथ बेसिकमध्ये १५ अक्षरांचे होते, मायक्रोसॉफ्टच्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये १४ अक्षरांचे. अर्धविराम म्हणजे आहे तिथूनच पुढे छाप. त्यामुळे प्रिंट "राम";"राव" लिहिले की ‘रामराव’ असे जोडून येते. प्रिंट ५;७ मध्ये मात्र जीडब्ल्यू-बेसिक ५ आणि ७ सुटे दाखवते, कारण धन संख्येआधी ते चिन्हासाठी एक जागा सोडते आणि संख्येनंतरही एक. ओळीच्या शेवटी अर्धविराम ठेवला, तर पुढची छपाई त्याच ओळीवर चालू राहते. सी भाषेत अर्धविरामाने विधान संपते; तिकडून आलेला माणूस सवयीने इथेही तो टाकतो आणि सगळी उत्तरे एकाच ओळीत का येतात याचा शोध घेत बसतो.

वापरणाऱ्याकडून माहिती घेणाऱ्या ‘इनपुट’ आज्ञेत याच दोन चिन्हांना आणखी एक काम आहे. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये इनपुट "वय"; ए असे लिहिल्यास पडद्यावर ‘वय’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह उमटते. अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम दिल्यास ते उमटत नाही.

अपूर्णविराम एका ओळीतील दोन विधाने वेगळी करतो. डार्टमथच्या मूळ भाषेत ही सोय नव्हती, एका ओळीत एकच विधान असे. घरगुती संगणकांच्या तुटपुंज्या मेमरीत ओळी वाचवण्यासाठी अपूर्णविरामाचा सढळ वापर झाला. ‘इफ–देन’नंतर तो जपून वापरावा लागतो: अट खोटी ठरली, तर मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये ‘देन’नंतरचे एकच विधान नव्हे, उरलेली सगळी ओळ वगळली जाते. ‘रेम’ या शेऱ्याच्या आज्ञेनंतरचा अपूर्णविराम तर शेऱ्याचाच भाग होतो.

चलाच्या नावामागे लागणारी चिन्हे त्याचा प्रकार सांगतात. ए$ मध्ये मजकूर राहतो. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये ए% मध्ये -३२७६८ ते ३२७६७ मधील पूर्णांक. ! साध्या आणि # दुप्पट अचूकतेच्या दशांश संख्येसाठी आहे. ए आणि ए$ हे दोन वेगळे चल आहेत, एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही सुखाने नांदतात. = हे चिन्ह किंमत देण्यासाठीही वापरतात आणि तुलनेसाठीही, म्हणून लेट ए = ए + १ हे गणितात विसंगत वाटणारे विधान येथे चालते. ‘लेट’ गाळायची मुभा पुढे मिळाली आणि गोंधळ वाढला; नवशिक्याला ‘लेट’ लिहायला लावणेच बरे.

हे सर्व अर्थ प्रत्येक बेसिकमध्ये सारखे नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये ? म्हणजे ‘प्रिंट’चे लघुरूप. बीबीसी मायक्रो या संगणकासाठी सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या बीबीसी बेसिकमध्ये तेच चिन्ह मेमरीतील एका बाइटपर्यंत पोहोचवते आणि ! चार बाइटांपर्यंत. तिथे प्रिंट ५;७ चे उत्तर ५७ असे चिकटून येते, तर ‘प्रिंट’मधील ' नवी ओळ सुरू करते. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये या ' पासून शेरा सुरू होतो. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पात बीबीसी मायक्रो संगणक वापरले गेले. पुढे महाराष्ट्रासह अनेक ठिकाणच्या शाळांत पीसी आणि त्यांच्याबरोबर जीडब्ल्यू-बेसिक आले. अमेरिकेत १९७८ मध्ये लघुतम बेसिकचे प्रमाणक ठरवण्यात आले, पण तोवर प्रत्येक उत्पादकाची बोली वेगळी झाली होती.