लिव्हरच्या तपासणीला येण्यापूर्वी: दारू, वजन आणि वाढलेले आकडे

"दोन दिवस घेतली नाही, आता रक्त देऊ ना?" आणि "मी तर शिवतही नाही, मग एसजीपीटी वाढलं कसं?" हे दोन प्रश्न आमच्या लॅबच्या काउंटरवर सारखे येतात. (एसजीपीटी, एसजीओटी आणि जीजीटी ही रक्तात मोजायची एन्झाइम्स; लिव्हरला त्रास झाला की त्यांचे आकडे वाढतात.)

पहिल्यात सगळ्यांचाच वेळ जातो. शिमगा-गणपती उरकले, किंवा पावसाळी बंदीत होड्या वर ओढल्या, की मंडळी चार दिवस बंद ठेवून तपासणीला येतात. एसजीओटी तेवढ्यात थोडं उतरतंही. पण जीजीटी पूर्ण बंद केल्यावरही निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे घेतं. मग एक आकडा बरा, दुसरा चढलेला, आणि फॉर्मवर खूण "दारू: नाही". डॉक्टर साहजिकच कावीळ, औषधं असा शोध घेत बसतात, आणखी तपासण्या लिहून देतात. पुढे पेशंट आमच्याकडेच येतो, "रिपोर्ट चुकला" म्हणून. ज्यांचा नमुना पुन्हा लावतो, त्यांचा आकडा बहुधा तोच येतो.

तेव्हा रिपोर्टसाठी म्हणून काही लपवू नका. आदल्या रात्री बसू नका, एवढं पुरे. रोज भरपूर घेणाऱ्याने तर एकदम बंद करूच नये. हात थरथरतात, कधी फिट येते. सोडायची तर डॉक्टरांना विचारून सोडा, पण सोडा.

आणि माडी हीसुद्धा दारूच, बिअरही. ताजी नीरा वेगळी. घरच्यांसमोर सांगायचं नसेल तर रक्त घेताना हळूच सांगा; ही माहिती रिपोर्टवर छापत नाही, फक्त डॉक्टरांना कळवतो.

आता न घेणाऱ्यांचं. यात बहुतेकदा कारण पोट असतं. साखर आणि चरबी वाढली की ती लिव्हरमध्ये साठते, तेव्हा एसजीपीटी सहसा एसजीओटीच्या पुढे जातं. दारूच्या त्रासात बहुधा उलटं, एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या वर. नुसत्या एवढ्यावरून निदान होत नाही, पण दिशा कळते. वजनही आणि दारूही असेल तर नुकसान नुसतं बेरजेने वाढत नाही, त्याहून जास्त होतं. म्हणून आम्ही फॉर्मबरोबर वजन घेतो, टेप लावतो. "रक्ताला आलो, पोट कशाला मोजता?" म्हणून काहींना राग येतो, पण भारतीय पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या वर गेली की डॉक्टरांना तो आकडा हवाच असतो.

ऐंशी किलोच्या माणसाने सहा-आठ किलो हळूहळू उतरवले तरी आकडे खाली येताना दिसतात. उपाशी राहून झपाट्याने उतरवलेल्या वजनाने मात्र उलट वाढूही शकतात. आदल्या दिवशी जाळी ओढून अंग मोडलं असेल तरी एसजीओटी चढतं, तेही सांगा. आणि आकडे नॉर्मल आले म्हणजे लिव्हर ठणठणीत, असं नाही. चरबी असूनही ते नॉर्मल राहू शकतात.

आमच्या लिव्हर प्रोफाइलमध्ये जीजीटी धरलेलं आहे. पुष्कळ ठिकाणी ते वेगळं मागावं लागतं. पुढची तपासणी शक्यतो इथेच करा, कारण मशीन बदललं की आकडेही थोडे हलतात. वाडीवर येऊन रक्त घेण्याची सोय सकाळी आहे. येताना जुना रिपोर्ट आणि चालू गोळ्या-काढे, पाकिटासकट, पिशवीत घालून आणा.